घर कुठले, कर कुठला?

मुलाला इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला घालायचे ठरले की आपल्याकडे प्रत्येक घरातून एकदा तरी तहसील कचेरीची वारी होते. डोमिसाइलचा दाखला हवा! शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, विजेची बिले अशी कागदांची चळत पुढे ठेवून आपण मुलाचा महाराष्ट्रातला रहिवास सरकारला पटवून देतो. शिक्का मिळतो, प्रवेश होतो आणि तो कागद कपाटाच्या तळाशी जाऊन पडतो. वास्तविक १९८४ साली प्रदीप जैन यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की, भारतात अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा. राज्याराज्यांचे निरनिराळे अधिवास आपल्या घटनेला ठाऊक नाहीत. तरी दाखल्याचे नाव काही बदलले नाही. असो.

या प्रश्नाने आपल्याकडे कुणाची झोप उडत नाही, याचे कारण उघड आहे. पुण्याचा माणूस बंगळूरला गेला काय किंवा इंदूरला गेला काय, त्याच्या पगारावरचा प्राप्तिकर दिल्लीचाच. राज्यांच्या हाती शेतीच्या उत्पन्नावरचा कर आणि तो किरकोळ व्यवसाय कर. त्यालाही घटनेने वर्षाला २५०० रुपयांची वेसण घातलेली. तेव्हा ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपण लग्नाच्या पंगतीत विचारतो आणि उत्तर ऐकून श्रीखंडाकडे वळतो.

अमेरिकेत हाच प्रश्न सरकार विचारते, आणि उत्तर चुकले तर त्याची किंमत हजारो डॉलरांत मोजावी लागते.

मी जन्मभर दादरला हिशेबतपासनिसाचा धंदा केला. निवृत्तीनंतर आकड्यांचा नाद सुटेल असे घरच्यांना वाटत होते, तो सुटला नाही. गेली काही वर्षे माझ्याकडे चहाला येणारी माणसे व्याजाचे दर विचारत नाहीत. मुलाने न्यू जर्सी सोडून टेक्सासला जावे का, मुलीच्या नवऱ्याला दोन राज्यांची पत्रे का आली, असलेच प्रश्न घेऊन ती येतात. वाचकांपैकीही पुष्कळांचे मूल, सून किंवा जावई तिकडे आहेच. म्हणून म्हटले, यंदा हाच विषय सविस्तर सांगावा.

प्रथम पाया पक्का करू. अमेरिकेत उत्पन्नावर दोन सरकारे कर घेतात. एक वॉशिंग्टनचे मध्यवर्ती सरकार; त्याचा कर सगळ्यांना सारखा. दुसरे राज्य सरकार. आणि इथे प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कॅलिफोर्नियात सर्वांत वरचा दर १३.३ टक्के, न्यू जर्सीत दहा लाख डॉलरांच्या वरच्या उत्पन्नाला १०.७५ टक्के. न्यूयॉर्क शहरात राहिलात तर राज्याच्या कराखेरीज शहराचा कर वेगळा. उलट टेक्सास, फ्लोरिडा, नेवाडा, वायोमिंग, साउथ डकोटा यांसारख्या राज्यांत पगारावर राज्याचा कर एक पैसुद्धा नाही. देश एक, चलन एक, मध्ये चौकी नाही की नाका नाही. आणि हद्द ओलांडली की कराचा आकडा शून्यावर! मग माणसे हद्द ओलांडणारच, आणि मागे राहिलेले राज्य ‘तू खरोखर गेलास का?’ असे विचारणारच.

सारे भांडण आहे ते या ‘खरोखर’ शब्दाचे.

आमच्या घरापुरते ते भांडण मागच्या वर्षी उभे राहिले. माझा पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरात सूनबाई, दोन मुले आणि माझी वहिनी, म्हणजे त्याची आई. तो रोज आगगाडीने न्यूयॉर्कला नोकरीला जायचा. त्याला टेक्सासात डॅलसची चांगली नोकरी चालून आली. मोठ्या मुलीचे शाळेचे शेवटचे वर्ष. तिला मध्येच उचलणे बरे नाही. म्हणून बेत असा ठरला की, त्याने एकट्याने डॅलसला खोली घेऊन राहायचे, महिन्यातून दोनदा विमानाने घरी यायचे, आणि मंडळी एडिसनला तशीच राहायची. सूनबाईच्या मनात हे नव्हते. पण त्याने कागदावर आकडेमोड करून दाखवली होती: टेक्सासात राज्याचा कर नाही, म्हणून वर्षाला सुमारे साडेआठ हजार डॉलर शिल्लक, आपल्या हिशेबाने सात लाख रुपयांच्या वर. विमानभाडे आणि खोलीचे भाडे बरेचसे त्यातून सुटणार होते. अवघा बेत त्या एका आकड्यावर उभा होता.

मी तेव्हा तिथेच होतो. तो म्हणाला, “काका, एकदा तपासून द्या.”

मी तपासायला घेतले, आणि तिकडच्या कायद्याची पुस्तके चाळताना मला जी मौज सापडली ती आता सांगतो.

पहिली कसोटी अधिवासाची. माणसाची घरे दहा असू शकतात, पण अधिवास एकच. अधिवास म्हणजे काय, तर जिथून आपण कामाला, सफरीला, माहेरी, कुठेही गेलो तरी शेवटी जिथे परत यायचे आहे असे मनाने धरलेले ठिकाण. त्यातली मेख अशी की, जुना अधिवास आपोआप सुटत नाही. नव्या ठिकाणी जाऊन राहिले पाहिजे, तिथेच कायम राहण्याचा इरादा पाहिजे आणि जुने ठिकाण सोडल्याचे दिसले पाहिजे. हे सिद्ध होईपर्यंत जुने घर कायद्याच्या लेखी तुमचेच. अधिवास बदलला असे ज्याचे म्हणणे, पुराव्याचा भार त्याच्यावर. आणि पुरावाही लेचापेचा चालत नाही.

मनातला इरादा सरकारने ओळखायचा कसा? फ्लोरिडात त्यासाठी छापील जाहीरनामा मिळतो. ‘मी आता इथला झालो’ असे शपथेवर लिहून कचेरीत नोंदवायचे. हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या थंडीतून उठून फ्लोरिडाच्या उन्हात जाणारे पुष्कळ पेन्शनर ते भरतात, मतदारयादीत नाव घालतात, मोटारीचा परवाना बदलतात आणि सुटलो असे समजतात. पण न्यूयॉर्कचे तपासनीस या कागदांना फारसा मान देत नाहीत. कागद काय, अर्ध्या दिवसात बदलतो! ते पाच गोष्टी पाहतात. घर: जुने ठेवले का, मोठे कोणते, सजवलेले कोणते. धंदा: कारभार अजून कुठून चालतो. वेळ: दिवस कुठे जातात. कुटुंब: बायको कुठे, मुलांची शाळा कुठे. आणि पाचवी गोष्ट वाचून मी चष्मा काढून पुसला: जिव्हाळ्याच्या वस्तू. लग्नातले फोटो, आजोबांचे घड्याळ, पुस्तके, चित्रे, वाडवडिलार्जित सामान, ज्यांची किंमत बाजारात नसते पण ज्यांच्यावाचून घराला घर म्हणवत नाही अशा वस्तू कोणत्या पत्त्यावर आहेत? तिकडचे वकील या कसोटीला थट्टेने ‘टेडी बेअरची कसोटी’ म्हणतात. लहान मूल जसे आपले अस्वल टाकून झोपायला जात नाही, तसा मोठा माणूसही काहीतरी टाकून घर सोडत नाही.

२०१७ साली न्यूयॉर्कच्या कर-न्यायाधीशापुढे असाच एक मामला आला. एका कंपनीचा बडा अधिकारी नोकरीसाठी डॅलसला गेला होता. न्यूयॉर्कमधली जागा त्याने विकली नव्हती, ती त्याला हवी तेव्हा वापरता येत होती, आणि म्हणून राज्याने त्याच्यावर कर लावला. त्याच्या बाजूने पुरावे पुष्कळ होते, पण न्यायाधीशाच्या मनात भरला तो त्याचा कुत्रा! त्याचा म्हातारा, लाडका कुत्रा त्याने डॅलसला नेला होता आणि त्याविषयी मित्रांना पत्रेही लिहिली होती. जिथे कुत्रा तिथे घर, असे मानून निकाल त्याच्या बाजूने लागला. आपल्या तहसील कचेरीत कुणी कुत्र्याची साक्ष काढली तर काय होईल, याची कल्पना मी करून पाहिली आणि सोडून दिली.

पण अधिवास दोन राज्यांनी एकाच वेळी आपलाच म्हटला तर? हे नुसते तर्कट नव्हे. कॅम्पबेल सूपचे डबे आता आपल्याकडच्या मोठ्या दुकानांतूनही दिसतात. पाणी आटवून घट्ट केलेले सूप डब्यात भरण्याची युक्ती १८९७ साली ज्याने काढली, त्या जॉन डॉरन्सची ही गोष्ट. त्याचे जुने घर न्यू जर्सीत सिनॅमिन्सनला. पुढे कुटुंबाच्या सोयीसाठी त्याने पेन्सिल्व्हेनियात रॅडनॉर इथे हवेली घेतली आणि मंडळी तिथे राहू लागली. पण कराच्या धोरणाने डॉरन्स लिहून देत राहिला की, माझा अधिवास न्यू जर्सीतच. १९३० साली तो वारला. पेन्सिल्व्हेनिया म्हणाले, राहत होता इथे, तेव्हा इस्टेटीवरचा कर आमचा. न्यू जर्सी म्हणाले, तो स्वतःच सांगत होता की तो आमचा. दोन्ही राज्यांच्या वरिष्ठ न्यायालयांनी आपापल्या राज्याच्या बाजूने कौल दिला, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मध्ये पडायचे नाकारले. दोन्ही राज्यांनी प्रत्येकी एक कोटी डॉलरहून अधिक कर वसूल केला. त्या काळातले एक कोटी! एका माणसाचा एकच अधिवास असतो, हे तत्त्व दोन्ही निकालांत आदराने नमूद केलेले आहे.

त्याहून रंगतदार प्रकरण कर्नल ग्रीनचे. याची आई हेटी ग्रीन ही न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातली गाजलेली श्रीमंत आणि तितकीच गाजलेली चिक्कू बाई. मुलाच्या हाती मात्र पैसा वाहत होता. तरुणपणी आईने त्याला टेक्सासात रेल्वे चालवायला पाठवले. तेव्हापासून तो आपण टेक्सासचा असे सांगे. न्यूयॉर्कला त्याची बिऱ्हाडे होती, हिवाळ्यासाठी फ्लोरिडात मायामी बीचला बंगला होता, आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर राउंड हिल येथे त्याने थाटलेला प्रचंड वाडा. तिथे त्याने स्वतःचे रेडिओ केंद्र उभारले आणि १८४१ साली बांधलेले व्हेलच्या शिकारीचे एक जहाज आणून आपल्या आवारात कायमचे उभे केले. ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे ते जहाज आज कनेक्टिकटमधील मिस्टिकच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

१९३६ साली कर्नल वारला, तोही न्यूयॉर्क राज्यातल्या एका हवा खाण्याच्या गावी. इस्टेट चार कोटी डॉलरच्या वर. टेक्सास, फ्लोरिडा, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स या चारही राज्यांनी हात पुढे केले. चौघांच्या मागण्या आणि मध्यवर्ती सरकारचा कर यांची बेरीज केली तर ती निव्वळ इस्टेटीपेक्षा मोठी भरत होती! म्हणजे मेलेल्या माणसाची इस्टेट संपून वर देणे उरायचे. डॉरन्सच्या वेळी दूर राहिलेले सर्वोच्च न्यायालय या वेळी मध्ये पडले, आणि १९३९ साली त्याने निर्णय दिला: अधिवास मॅसॅच्युसेट्सचा. कर्नल आयुष्यभर स्वतःला टेक्सासचा म्हणवीत होता, त्याचे काय? न्यायालयाच्या मते त्याचे जीव लावून जगणे ज्या घरात झाले ते राउंड हिल. तोंडाचे बोलणे आणि प्रत्यक्ष वागणे यांचे जमत नसेल तर वागणे खरे. १९७६ साली वारलेल्या अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजच्या इस्टेटीवरूनही कॅलिफोर्निया आणि टेक्सास यांची अशीच जुंपली. ती कथा लांबलचक आहे, इथे तिला जागा नाही.

ही झाली करोडपतींची गोष्ट. आपल्या मुलांना गाठते ती दुसरी कसोटी, दिवसांची.

समजा, अधिवास तुमचा न्यू जर्सीत आहे यात कुणाला शंका नाही. तरीही न्यूयॉर्क तुम्हाला आपला रहिवासी ठरवू शकते. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: न्यूयॉर्कमध्ये तुमची राहण्याजोगी कायमची जागा असली पाहिजे, आणि वर्षात १८३ पेक्षा अधिक दिवस तुम्ही त्या राज्यात घालवलेले असले पाहिजेत. एकशेचौऱ्याऐंशीवा दिवस भरला की तुम्ही तिथले. मग तुमच्या साऱ्या उत्पन्नावर न्यूयॉर्कचा हक्क, आणि जन्मराज्य मानलेल्या न्यू जर्सीचा तर आहेच. पगारापुरती वजावट मिळते, पण शेअर आणि व्याजाच्या उत्पन्नावर दोन्हीकडून कात्री चालू शकते.

आणि दिवस म्हणजे काय? आपल्या प्राप्तिकरातही परदेशातल्या माणसांसाठी १८२ दिवसांचा दंडक आहे, तो पुष्कळांना पाठ असतो. पण न्यूयॉर्कचा दिवस फार स्वस्तात भरतो. सकाळी दहा मिनिटे राज्यात पाऊल टाकलेत तरी तो अख्खा दिवस. एडिसनहून रोज आगगाडीने जाणारा आणि संध्याकाळी परतून वरणभात घरी खाणारा मनुष्य वर्षाला सव्वादोनशे ‘न्यूयॉर्कचे दिवस’ सहज भरतो. सूट दोनच ठिकाणी. विमान किंवा आगगाडी धरण्यापुरते राज्यातून गेलात तर तो दिवस धरत नाहीत. आणि १९७९ च्या एका निकालापासून, इस्पितळात दाखल होऊन उपचार घेतलेले दिवसही गणतीतून वगळतात. बाकी प्रत्येक दिवशी आपण राज्याबाहेर होतो, हे सिद्ध करण्याचे काम तुमचे. पुलावरचा टोल, मोबाइलच्या नोंदी, कार्डावरची खरेदी, विमानाची तिकिटे, सगळे मागवतात. दिवस मोजून देणारी यंत्रे आता मोबाइलमध्येच मिळतात. पुतण्याचा एक शेजारी गेली कित्येक वर्षे साधी रोजनिशी ठेवतो. तारीख, राज्य, पुरावा अशी तीन कलमे. आमच्या काळचा हिशेबनीस शोभावा असा गृहस्थ!

पण ‘कायमची जागा’ हीही साधी बाब नाही. यावरचा एक खटला मी दोनदा वाचला. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका गृहस्थाचा न्यूयॉर्कमध्ये स्टेटन आयलंडवर मोटारदुरुस्तीचा आणि पेट्रोलचा धंदा होता. धंद्याच्या जवळच त्याने एक घर विकत घेतले, त्याच्या वृद्ध आईबापांसाठी. म्हातारा-म्हातारी तिथे राहायची, त्यांचा खर्च तोच चालवायचा, विजेची आणि टेलिफोनची बिले याच्याच नावावर. कधी आईबापांचे दुखणेखुपणे निघाले आणि त्यांनी आग्रह केला की हा रात्री तिथे कोचावर आडवा व्हायचा. त्याची तिथे खाट नव्हती, कपडे नव्हते. धंद्यासाठी रोज राज्यात जायचा, तेव्हा दिवस भरलेच होते. राज्याने त्याच्यावर रहिवासी म्हणून कर आकारला: २००१ ते २००३ या तीन वर्षांचा, अडीच लाख डॉलरच्या घरात. घर तुझे, बिले तुझी, तेव्हा जागा तुझीच!

खटला खालून वर, वरून खाली हिंडला. अखेर २०१४ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्याला सोडवले. न्यायालय म्हणाले, घराची मालकी असणे आणि त्या घरात स्वतः राहणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ज्या घराशी माणसाचा राहण्याचा संबंध नाही, त्यावरून त्याला रहिवासी ठरवता येणार नाही. मुलाने आईबापांना जवळ आणून ठेवले, त्यांच्या आजारपणात कोचावर झोपला, याबद्दल त्याला वर्षानुवर्षे कज्जा लढावा लागला. कायदा क्रूर होता असे मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे ज्याला आपण पुत्रधर्म म्हणतो तो तिकडच्या फॉर्ममध्ये कोणत्या रकान्यात भरायचा, हे अजून कुणाला सुचलेले दिसत नाही.

असेच २०२२ साली एका दुसऱ्या गृहस्थाचे झाले. तोही न्यू जर्सीचा, नोकरी मॅनहॅटनला. त्याने न्यूयॉर्कच्या उत्तरेला, कचेरीपासून दोनशे मैलांवर सुटीचे घर घेतले होते आणि वर्षात फार तर तीन आठवडे तिथे जाई. राज्याने म्हटले, घर आहे, दिवस भरले, तेव्हा आमचा. वरच्या न्यायालयाने आधीच्या निकालाचा धागा पकडून त्यालाही मोकळे केले. तरी या निकालावर विसंबून दुसऱ्या राज्यात बंगली घेऊ नका, असे मी ओळखीच्यांना सांगतो. पाच लाख डॉलरची मागणी डोक्यावर घेऊन निकालाची वाट पाहण्याइतकी आपली काळजे भक्कम नसतात.

घरात बसून कंपनीचे काम करणाऱ्यांसाठी आणखी एक काटा आहे. न्यूयॉर्कचा नियम असा की, कचेरी न्यूयॉर्कमध्ये असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातल्या घरी बसून काम केलेत, तर तो दिवसही न्यूयॉर्कचाच. कनेक्टिकटात राहणारा एक कायद्याचा प्राध्यापक आठवड्यातून दोन दिवस घरी बसून वाचन-लेखन करी. त्या दोन दिवसांच्या पगारावर न्यूयॉर्कनेही कर घेतला आणि कनेक्टिकटनेही. कायदा शिकवणारा माणूस, त्याने लढत दिली. २००३ साली हरला. २०२० च्या साथीत लक्षावधी माणसे घरी बसली, तेव्हा हा काटा सगळ्यांच्याच पायात मोडला. मॅसॅच्युसेट्सने तसाच तात्पुरता नियम काढला म्हणून शेजारचे न्यू हॅम्पशायर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले; २०२१ साली न्यायालयाने प्रकरण ऐकून घेण्यासच नकार दिला. न्यू जर्सीने मग २०२३ साली उट्टे काढले: तुम्ही आमच्या माणसांना हा नियम लावता, आम्हीही तुमच्या माणसांना लावतो!

कॅलिफोर्नियातली तऱ्हा आणखी निराळी, आणि ती पुण्या-बंगळूरच्या मंडळींनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. कंपनी तिकडच्या एखाद्या मराठी इंजिनिअरला पुण्याच्या शाखेत दोन वर्षांसाठी पाठवते. त्याला वाटते, देशच सोडला, आता कॅलिफोर्नियाचा काय संबंध? संबंध राहतो. नोकरीच्या कराराने तो सलग निदान ५४६ दिवस बाहेर राहिला, आणि त्या मुदतीत कोणत्याही वर्षात ४५ पेक्षा जास्त दिवस कॅलिफोर्नियात परतला नाही, तर राज्य त्याला सोडते. शेअर वगैरेंचे उत्पन्न वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर असले तर तेही नाही. दीड वर्षातच कंपनीने परत बोलावले की गणित फसले. शिवाय भारत आणि अमेरिका यांच्यातला दुहेरी कर टाळण्याचा करार मध्यवर्ती सरकारला बांधतो. कॅलिफोर्निया तो मानत नाही.

त्या राज्याची चिकाटी पाहायची तर गिल्बर्ट हायट या संशोधकाचे प्रकरण पाहावे. तो म्हणे, मी १९९१ च्या सप्टेंबरात नेवाडात गेलो. राज्य म्हणे, छे, १९९२ च्या एप्रिलात. मधल्या महिन्यांत त्याच्या पेटंटांचे मोठे पैसे आले होते. तपासनिसांनी त्याच्या घरचा केरकचराही धुंडाळला. तारखेचा मुख्य वाद २०१७ साली त्याच्या बाजूने सुटला, आणि त्यातून निघालेला दुसरा दावा तीनदा सर्वोच्च न्यायालयात जाऊन २०१९ मध्ये त्याच्या विरुद्ध मिटला. काही महिन्यांसाठी पंचवीस वर्षांवर!

आता पुतण्याचा हिशेब. वर सांगितलेली मापे लावली तेव्हा त्याच्या कागदावरचा साडेआठ हजारांचा आकडा जागच्या जागी विरघळला. न्यू जर्सीचा नियम स्पष्ट आहे. तिथला अधिवास असलेल्या माणसाला बाहेरचा म्हणवून घ्यायचे तर तीनही गोष्टी हव्यात: न्यू जर्सीत कायमचे घर नाही, बाहेर कायमचे घर आहे, आणि वर्षात ३० दिवसांहून जास्त न्यू जर्सीत काढलेले नाहीत. याचे घर एडिसनला; त्यात बायको, मुले, आई. महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार घरी म्हणजे पन्नासाच्या आसपास दिवस तिथेच झाले. डॅलसची भाड्याची खोली म्हणजे नोकरीची खोली. तेव्हा टेक्सासात मिळवलेला सगळा पगार न्यू जर्सीच्या पत्रकात दाखवायचा. आणि टेक्सासने काहीच कर घेतलेला नाही, म्हणून वजावटही नाही. शिल्लक शून्य. वर विमानभाडे आणि खोलीभाडे घरचे.

मी हे जेवणाच्या टेबलावर सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मतदारयादीत नाव तिकडे घातलं, मोटारीचा परवाना बदलला, तर?”

मी म्हटले, “सूनबाईचा परवाना कुठला राहील?”

सूनबाई ताटे उचलीत होती. ती म्हणाली, “हेच मी तीन महिने सांगतेय, काका. फक्त मला कायद्याचं कलम माहीत नव्हतं.”

वहिनी एवढेच म्हणाली, “मुलगी शाळेतून सुटू दे. मग जाऊ सगळी.”

डॅलसच्या कंपनीने नोकरी जूनअखेरपर्यंत थांबवून धरली. मुलीची शाळा संपली, एडिसनचे घर विकले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बिऱ्हाड हलले. त्या वर्षाचे न्यू जर्सीचे पत्रक अर्धवट वर्षाच्या रहिवाशाचे भरावे लागते. स्थलांतराच्या तारखेपर्यंतचे उत्पन्न तिथले, पुढचे नाही. म्हणून ती तारीख पक्की करणारे कागद मी त्याला एका फायलीत लावून ठेवायला सांगितले: घरविक्रीचे खत, सामान नेणाऱ्या ट्रकची पावती, धाकट्याच्या नव्या शाळेतला प्रवेश, वीज तोडल्याचे शेवटचे बिल.

वहिनीने देव्हारा ट्रकमध्ये चढवू दिला नाही. देव वेगळ्या डब्यात घालून तिने मांडीवर घेतले आणि विमानाने नेले. तिच्या त्या विमानाच्या तिकिटाचा तुकडा फायलीत सर्वांत वर लावला आहे.